लेक घरी, यश दारी

जाहिरातीतली बाई मला लहानपणापासून आवडत नाही. आणि गेली सव्वीस वर्षं मी तिच्याच जिवावर पोट भरते आहे, हेही आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कुणी म्हणायचं, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

अमरावतीत एका प्रेसमध्ये मी मजकूर लिहिते. फ्लेक्सवरच्या ओळी, पेपरात घालून घरोघरी येतात ती पत्रकं, रिक्षावर भोंगा लावून गावभर ओरडतात ते निवेदन, सगळं माझ्या हातचं. साड्यांचा सेल, दातांचा दवाखाना, ट्रॅक्टरचं शोरूम, मंगल कार्यालय. खाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं, त्यामुळे हे कुणीतरी बसून लिहितं असं लोकांच्या डोक्यातही येत नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा वाटायचं की ताई प्रेसमध्ये टायपिंग करते.

आमचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, फुलांच्या धंद्यातलं. पहाटे टोपल्या यायच्या आणि आई सुई-दोरा घेऊन बसायची. झेंडूच्या देठांनी तिची बोटं काळपट हिरवी व्हायची, ती कितीही घासली तरी जायची नाहीत. हार गुंडाळायला आम्ही रद्दी आणायचो, त्यात जुनी मासिकं असत. मी शाळेच्या पुस्तकांपेक्षा ती जास्त वाचली. एकदा साबणाच्या जाहिरातीतली बाई मला फार सुंदर वाटली. गालावर दोन्ही हात ठेवून हसत होती. मी ते पान आईला दाखवलं आणि म्हटलं, "आई, इचे हात तं पाह्य."

आईनं नीट पाहिलं. "इनं काई काम करेल दिसत नाई," म्हणाली, आणि त्याच पानात शेवंतीचा हार गुंडाळून गिऱ्हाइकाला दिला.

पुढे शेजाऱ्यांकडे टीव्ही आला. त्यात दोन बाया एकमेकींचे कपडे पाहून जळायच्या, कुणाचा शर्ट जास्त पांढरा यावरून, आणि शेवटी दोघी मिळून खिदळायच्या. आई दारातूनच विचारायची, "या दोघी धुनं धुऊन इतक्या खुश काहून हायेत?" याचं उत्तर अजून मला कुणी दिलेलं नाही. गोरं करणारं क्रीम आलं तेव्हा मात्र मी आईचं काही ऐकलं नाही. त्या जाहिरातीत काळी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाते, तिला कुणी विचारत नाही. मग ती क्रीम लावते, गोरी होते, नोकरी मिळते, वर नवराही मिळतो. मी महिनाभर लावलं. गालांवर पुटकुळ्या आल्या आणि बाकी मी होते तशीच राहिले. ती मुलगी पुढे नोकरी करताना कधी दिसली नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. अजून आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

प्रेसमध्ये लागले त्या पहिल्याच आठवड्यात विहिरीवरच्या मोटरची जाहिरात होती. मोटरीला टेकून एक नटलेली बाई उभी, भांगात बिंदी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. मी मालकांना विचारलं, ही इथं काय करते? मालक म्हणाले, "ते काई करत नाई. तिच्याकडे पाह्यता पाह्यता मानूस मोटर पाह्यते." झालं माझं प्रशिक्षण. त्यानंतर मी बाईला सिमेंटच्या पोत्याशेजारी उभं केलं, प्लायवूडवर बसवलं, टायरच्या मधून डोकवायला लावलं. शेतात निंदण करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया अख्ख्या वऱ्हाडात, पण फवारणीच्या औषधाच्या पत्रकावर मी लिहायची 'शेतकरी बंधूंनो'. त्यावर चित्र मात्र बाईचंच, आणि तिच्या हातात कापसाचं एकच बोंड.

आता म्हणे जाहिरात बदलली. फोनवर रोज पाहते मी ती बदललेली जाहिरात. त्यात बाई ऑफिसला जाते, घरी येते, सूप करते, सासूचे गुडघे चेपते आणि तरी तिच्या साडीची घडी मोडत नाही. मग नवरा एक कप चहा करतो. लगेच पाठीमागे बासरी काय वाजते, बाईच्या डोळ्यांत पाणी काय येतं! तीस वर्षं मी घरात चहा करते आहे, माझ्यासाठी कुकरची शिट्टीसुद्धा कधी वेळेवर वाजली नाही. आणि महिला दिनाचे फलक तर विचारूच नका. सगळे गुलाबी. आई, बहीण, पत्नी, कन्या, अशी रूपांची यादी, खाली शुभेच्छुकांचे फोटो, सगळे पुरुष. ती यादीही मीच लिहिते. दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी स्वतःवर चिडते.

आमचे डिझायनर म्हणजे पन्नाशीचे सज्जन गृहस्थ. मुंगीलाही दुखावणार नाहीत. पण बाईचा फोटो समोर आला की त्यांचा हात आपोआप उजळवायच्या बटणावर जातो. विचारत नाहीत, सांगत नाहीत. श्रद्धांजलीच्या फलकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा त्यांच्या हातून दोन छटा उजळून जातात. एकदा एका घरच्यांनी तक्रार केली की ही आमची आजी नाहीच. डिझायनरना मनापासून वाईट वाटलं. "गोरीच तं केली, कायी तं नाई केली," म्हणाले.

तर अशा सगळ्या चिडचिडीत माझी सव्वीस वर्षं बरी गेली. चिडायचं आणि लिहायचं, दोन्ही अंगवळणी पडलं होतं. मागच्या वर्षी मात्र माझी एक ओळ माझ्याच माहेरी जाऊन बसली.

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत फार चांगल्या गुणांनी पास झाली. अकोल्यात जठारपेठेतल्या एका क्लासला ती दोन वर्षं जायची. पहाटे आईबरोबर हार गुंफायचे आणि मग सायकल काढून क्लासला. निकाल लागला आणि आठवड्याभरात त्या क्लासचे संचालक आमच्या प्रेसमध्ये हजर. त्यांना नव्या बॅचसाठी मोठे फ्लेक्स हवे होते, मोर्शीपासून अकोल्यापर्यंत लावायला.

"मॅडम, मुलांचे बाप रिझल्ट पाहतात," ते मला म्हणाले. "मुलींचे बाप अंतर पाहतात. पोरगी लातूरला, कोट्याला पाठवायची म्हटलं की बापाच्या छातीत धडधड होते. त्या धडधडीवर बोट ठेवा. आणि फोटो तुमच्याच भाचीचा घेऊ, मोठा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. भाचीचा फोटो म्हटल्यावर मी फुगून गेले. दुसऱ्या दिवशी अकोल्याला कामाला निघाले होते, तर एसटीत मूर्तिजापूर यायच्या आधीच ओळ सुचली. लेक घरी, यश दारी. तिकिटाच्या मागे लिहून घेतली. चारच शब्द, यमक जुळलेलं, रिक्षावरून ओरडलं तरी गोड वाटावं असं. इतकी चांगली ओळ मला पाच-सहा वर्षांत सुचली नव्हती, आणि मी शेजारच्या अनोळखी बाईला ती वाचूनही दाखवली.

फ्लेक्स तयार झाला. भाची रंगानं सावळी, तिला जाड काचांचा चष्मा. डिझायनरनी रंग उजळवला, चष्मा काढून टाकला, अंगावर डॉक्टरचा पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवला. कॉलेजात पाऊलही टाकलं नव्हतं पोरीनं. कोटाबरोबर कुठल्या तरी परक्या बाईचे हात आले होते, लांब बोटांचे, नेलपॉलिश लावलेले. मी भाचीला फोनवर फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला. हसता हसता विचारते, "आत्या, हे कोन हाय वं?" मीही हसले. मला तेव्हा त्यात नुसती गंमत दिसली.

त्यातला एक फ्लेक्स भावाच्या फुलांच्या दुकानासमोरच्या चौकात लागला. भाऊ माझा साधा माणूस, कुणाशी वरच्या आवाजात बोलणार नाही. लेकीवर तर त्याचा असा जीव की तिला शिंक आली तरी हा दुकान सोडून घरी यायचा. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार, म्हणून तो रोज सकाळी फ्लेक्सच्या चौकटीला झेंडूचं ताजं तोरण बांधायचा. गिऱ्हाईक फुलं घेता घेता वर पाहायचं, ओळ मोठ्यानं वाचायचं आणि म्हणायचं, वा भाऊ, लेक घरी, यश दारी! दिवसातून पन्नास वेळा त्यानं ते ऐकलं. पंधरा दिवसांनी त्याचा मला फोन आला.

"ताई, ठरलं. पोरीले अकोल्यातच ठेवतो. पसंतीच्या फारमात अकोलाच पयला टाकाचा."

मी हादरले. भाचीला मुंबईचं कॉलेज मिळेल इतके गुण होते. अकोल्याचं सरकारी कॉलेजही चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिनं कॉलेजांची यादी स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवली होती आणि तिच्यात मुंबई पहिली होती. ऑनलाइन फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. मी रविवारी सकाळीच अकोल्याला गेले.

भाची गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिनं बादली खाली ठेवली.

"आत्या, घरी राहून कॉलेज केलं तं सकायी चार वाजता टोपल्यापाशी कोन बसन? मीच ना. हार करून, भांडे घासून मंग मी मुडदे कापाले जाऊ." मग तिनं आवाज खाली घेतला. "अन् खरं सांगू का? हे काई करा लागलं नसतं, तरी मले जाचं होतं. मले हॉस्टेलात राहाचं हाय. दुसरं कारन नाई."

मी तडक दुकानात गेले. भाऊ फुलांवर पाणी शिंपडत होता. मी त्याला समजावलं, गुणांचं सांगितलं, पोरीच्या मनाचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओल्या हातानं समोरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

"ताई, तू इतकी शिकेल हायेस. पाह्य ना, काय लिहेल हाय तिथं."

"अरे, ते जाहिरात हाय!"

"जाहिरात असली म्हनून काय झालं? भर चौकात इतक्या मोठ्या अक्षरात कोनी खोटं लिहीन काय?"

"मी लिहेल हाय ते."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. "तू?"

"मी. एसटीत बसून. मूर्तिजापूरच्या आधी."

त्यानं हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. एकदा फ्लेक्सकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "मंग खोटं हाय काय ते?"

"विकाचं होतं म्हनून लिहेल हाय."

"मी ते नाई इचारलं. खोटं हाय का खरं हाय?"

खोटं म्हणावं तर माझी सव्वीस वर्षं खोटी. खरं म्हणावं तर भाची गेली कामातून. मी टोपलीतली एक शेवंती उचलली आणि परत ठेवली. भाऊ म्हणाला, "पाह्य. तुलेबी माहीत हाय का खरं हाय," आणि पुन्हा फुलांवर पाणी शिंपडायला लागला. मला इतका संताप आला, त्याचा, त्या संचालकांचा, आणि सगळ्यात जास्त त्या यमकाचा, की मी जिलबीच्या दुकानापर्यंत तरातरा चालत गेले आणि कशाला आले हेच विसरून परत फिरले.

घरी भाची वाट पाहत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "आत्या, तू सगळ्यायचं विकून देतेस. मोटर विकली, प्लायवूड विकलं. माह्यंबी विकून दे ना. बाबाले पटन असं एखादं लिहून दे."

हे मला जमायला हवं होतं. मी वही घेऊन बसले. पहिलं लिहिलं, 'सुरक्षित वसतिगृह, निश्चिंत पालक.' मग लिहिलं, 'आज लेक दूर, उद्या नावाचा सूर.' मग लिहिलं, 'मुलगी शिकेल मुंबईत, मान वाढेल अकोल्यात.' भाचीनं तिन्ही ओळी चष्मा सरकवत वाचल्या.

"चांगल्या हायेत," ती म्हणाली. "पन याच्यात माह्यं काय हाय? पालक निश्चिंत, बाबाचा मान. मले जाचं हाय, हे कुठं लिहेल हाय?"

मी वहीकडे पाहिलं. खरंच नव्हतं. बापाची भीती, बापाचा मान, बापाची झोप, यावर मी झोपेतही ओळ लिहीन. पण मुलीला काहीतरी हवं आहे, एवढी एक ओळ लिहायला बसले तर मला सुरुवातच सुचेना. आयुष्यात कधी लिहिलीच नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. ते पान मी फाडून टाकलं.

"तूच सांग बाबाले," मी म्हटलं. "जसं मले सांगितलं तसंच."

दुपारी जेवणं झाली. संध्याकाळच्या लग्नाचे हार करायचे होते, म्हणून बाहेरच्या खोलीत सगळे टोपल्यांभोवती बसलो. भावजय, म्हणजे भाचीची आई, भिंतीला टेकून गुलाब ओवत होती. ती मोर्शीकडची, लग्न होऊन या घरात आली ती फुलांतच बसली. कमी बोलते, आणि सकाळपासून या विषयावर तर तिनं चकार शब्द काढला नव्हता. मीही तिला काही विचारलं नव्हतं. भाऊ फोनवर तो फॉर्म उघडून बसला होता, चष्मा कपाळावर.

भाची म्हणाली, "बाबा, मले मुंबईले जाचं हाय."

"काहून? अकोल्यात काय कमी हाय?"

"अकोल्यात काई कमी नाई. मले जाचं हाय."

"एकटीले भेव नाई लागनार?"

"लागन ना. तरी जाचं हाय."

भावानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात हॉस्टेलचा पहारा, सीसीटीव्ही, मेसचं घरगुती जेवण, सगळं तयार होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तो पुन्हा लेकीकडे वळला. त्याचा आवाज अगदी मऊ होता, तो तिला रागावत नव्हता, समजावत होता.

"बेटा, लेक घरी असली तं यश दारी येते. तुह्या आत्यानंच लिहेल हाय."

"मी वीस वर्सापासून घरीच हाय," भावजय म्हणाली. मान वर न करता, सुईत गुलाब घालता घालता. "माह्या दारी काय आलं?"

रागानं नाही, रडून नाही, दोरा कुठे ठेवला विचारावं तसं ती बोलली. मला वाटलं जमीन दुभंगावी. ती ओळ मी बापांसाठी लिहिली होती. चौकातून भाजी आणायला रोज ही बाई जाते, वर पाहते, तिलाही वाचता येतं, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

भाऊ फोनकडे पाहत बसला. स्क्रीन दोनदा विझली, दोनदा त्यानं अंगठ्यानं पुन्हा उजळवली. शेवटी त्यानं फोन लेकीच्या हातात दिला.

"भर."

तिनं यादीची वही उघडली आणि एकेक नाव टाकत गेली. मुंबई पहिली. भाऊ शेजारी बसून प्रत्येक नाव वाचत होता, ओठ हलवत. सगळं भरून झाल्यावर तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, तिनं बटण दाबलं. मग ती उठून आत गेली आणि आतून तिच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. माझेही डोळे भरले होते.

मग भाऊ भावजयीकडे वळला.

"तुले कुठं जाचं होतं वं?"

तिची सुई थांबली. तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, एवढा वेळ पाहिलं की मला वाटलं आता सांगेल.

"आता इचारून राहिले काय?" ती म्हणाली. "पाच वाजता गाडी येते हारासाठी. ती मोठी सुई द्या इकडं."

भावानं सुई दिली.